एकशे तीस गुंजा

वजिराबादच्या बोळात, घड्याळजी आणि खतवाल्याच्या मधोमध
आमचं दुकान. अब्बांच्या वेळची पाटी,
'शस्त्रे व काडतुसे', त्यातला पहिला श पावसाने नेलेला.
दुपारी एक पोरगा आला, हदगावकडचा,
परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी:
रोही, नग एक, मुदत पंधरा दिवस.
म्हणाला, सगळ्यात जोरदार असंल ते द्या.

जोरदार.
हा शब्द अब्बांना चालत नसे.
ते आधी विचारायचे, जनावर कोणतं.
मग, किती पावलांवरून.
मग, ते तुझ्याकडं तोंड करून असंल का आडवं,
आणि गिऱ्हाईक आढ्याकडे बघत उत्तर शोधायचं तोवर
सराफाकडून घेतलेला जुना तराजू पुढे ओढायचे.

डब्यावर ग्रेन लिहिलेले असायचे, ते त्यांना मान्य नव्हते.
एका पारड्यात नमुन्याची सुटी गोळी,
दुसऱ्यात गुंजा, लाल, काळ्या डोळ्याच्या, एकेक मोजून.
बावीसची गोळी: एकवीस.
"यात होला मरतो. चितळ मरत नाही बेटा, हरवतं."
बाराबोरची एलजी: सहा मणी.
"वीस पावलांत काम. चाळीसच्या पुढं अक्षता,
कुणाच्याही डोक्यावर पडतात."
तीनशे पंधरा, मऊ नाकाची: एकशे तीस.
इथे ते गप्प व्हायचे.
पारडं थांबेपर्यंत पंखासुद्धा बंद ठेवायचे.

किनवटच्या रानात, चोवीस वर्षांचे असताना,
त्यांनी सांबरावर हलकी गोळी झाडली होती.
परदेशी, वेगाची, दुकानात नवी आलेली.
खांद्याच्या हाडावर तिचा चुरा झाला.
लिंबाजी टारपे पुढे चालत होता, वाकून,
सागाच्या पानावरचं रक्त बोटाने बघत.
फेस असता तर फुप्फुस, म्हणाला. फेस नाही.
दुसऱ्या दिवशी थेंबांचं अंतर वाढलं.
तिसऱ्या दिवशी पैनगंगेत, छातीइतक्या पाण्यात,
ते उभं होतं. पळत नव्हतं.
लिंबाजीने वळून विचारलं,
"मिस्त्री, आता कोणती घालता?"
अब्बांच्या खिशात तीच होती.
यापुढचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही,
दर वेळी इथे येऊन चष्मा पुसायला घ्यायचे.

पोराला मी तेच तीन प्रश्न विचारले.
रोही. साठ पावलं. आडवं.
आणि कुठं मारणार?
त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, डावीकडे,
शाळेत राष्ट्रगीताला उभा राहिल्यासारखा.

मग मी काउंटरच्या बाहेर आले,
बावन्न वर्षांची बाई, गुडघ्यात संधिवात,
स्टुलावर दोन्ही हात टेकून वाकले, ओढणी खोचली,
आणि म्हटलं, बघ. हा पुढचा पाय. हे कोपर.
त्याच्या मागं, वर नाही, खाली,
एक वीत सोडून, इथं.
त्याला कुठे बघावं कळेना.
घड्याळजी दारात येऊन उभा होता, तोही परत गेला.
पोरगा हळूच म्हणाला, आलं ध्यानात.

त्याला दहा हवी होती. पाच दिली.
वहीत नाव, परवाना क्रमांक, सही.
न उडालेलं परत घेते, म्हणाले, अब्बाही घ्यायचे.

नवव्या दिवशी आला.
काउंटरवर चार काडतुसं मांडली, सरळ रांगेत,
आणि शेजारी पाचव्याची रिकामी टोपी.
किती पावलं गेलं, मी विचारलं.
अकरा.
अकरा चांगलं, मी म्हणाले. अकरा फार चांगलं.

तो तिथंच उभा. हात पुन्हा स्वतःच्या बरगडीवर,
या वेळी बरोबर जागी, कोपराच्या मागे,
आणि तिथून तो हात काही निघेना.

मी पंखा लावला. स्टूल पुढे सरकवलं,
तेच, वाकले होते ते.
वहीत लिहिलं: परत, चार.